सैतानाचा पत्ता

सैतान नरकात राहतो, असं आपण सहज म्हणतो. मी बायबलमध्ये शोधलं, तर पत्ते वेगवेगळे! पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पापी देवदूत अंधारात कैद आहेत, इफिसकरांच्या पत्रात सैतानाची सत्ता हवेत आहे, तर लूकच्या शुभवर्तमानात भुतं येशूकडे गयावया करतात, अथांग विवरात धाडू नये म्हणून. मत्तयातला अग्नी निवाड्यानंतरचा. म्हणजे नरक हे त्यांचं घर नव्हे, शिक्षा!

आता हे विवर मराठीत कसं आणायचं? पाताळ म्हणावं, तर तिथे आपला लाडका बळीराजा! पुण्याजवळ केडगावात हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणणाऱ्या पंडिता रमाबाई पुराणं कोळून प्यायलेल्या. शब्दांची ही ओझी त्यांना ठाऊक असणारच. त्या १९२२ साली गेल्या, भाषांतर १९२४ साली छापून आलं.