चिप आपली, किल्ली कोणाची?

आजच्या भागाला निमित्त झालाय इंदूरच्या एका दर्शकांचा प्रश्न. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसेना, म्हणून त्यांनी लिनक्स टाकलं. पडदा, आवाज, कळफलक सगळं ठीक, पण वाय-फायचं चिन्हच गायब! त्यांनी वैतागून विचारलं, "तीस वर्षांत या लिनक्सला साधं वाय-फाय जमू नये?"

प्रश्न रास्त आहे. माझ्याही लॅपटॉपवर हेच झालं होतं आणि मीही लिनक्सलाच दोष दिला होता. पुढे यामागचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की आपण भलत्यालाच धरलं.

आधी दोन शब्द समजून घेऊ. ड्रायव्हर म्हणजे संगणकाच्या बाजूनं चिपशी बोलणारा प्रोग्राम. फर्मवेअर म्हणजे खुद्द चिपच्या आत चालणारा प्रोग्राम. पुष्कळशा वाय-फाय चिपांमध्ये तो कायमचा भरलेला नसतो. दर वेळी लॅपटॉप सुरू झाला की ड्रायव्हर ती फाइल चिपला देतो. दोन्हींपैकी एक नसलं, तरी चिप नुसती बसून राहते.

लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं लिनक्सची घोषणा केली २५ ऑगस्ट १९९१ ला. वाय-फायचं पहिलं मानक आलं १९९७ मध्ये. इंटेलनं २००३ मध्ये सेंट्रिनो बाजारात आणलं आणि बिनतारी जोडणी लॅपटॉपचा नेहमीचा भाग होत गेली. पण बऱ्याच चिप कंपन्या ड्रायव्हर द्यायच्या तो फक्त विंडोजसाठी. चिप आतून कशी चालते, याची कागदपत्रं त्या कोणालाच देत नसत. एक कारण व्यापारी गुपिताचं. दुसरं कारण सांगितलं जाई ते रेडिओ लहरींच्या नियमांचं. चिप कोणत्या वारंवारतेवर आणि किती शक्तीनं बोलेल, हे सॉफ्टवेअर ठरवतं. ते वापरणाऱ्याच्या हाती गेलं तर नियम मोडले जातील, अशी भीती. ती अगदीच निराधार नव्हती. आपल्याकडे २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला, तोही कमी शक्तीच्या उपकरणांसाठीच.

मग लिनक्सवाल्यांनी काय केलं? पहिला उपाय तात्पुरता होता. एनडीआयएस-रॅपर नावाचा प्रोग्राम विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवायचा. काम निभायचं, पण आत काय चाललंय ते कळायचं नाही, आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?

मग २००३ मध्ये एक गंमत उघडकीला आली. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी-५४जी या घरगुती राउटरमध्ये ब्रॉडकॉमची चिप होती आणि तो डबा चालत होता लिनक्सवर! म्हणजे लॅपटॉपवरच्या लिनक्ससाठी ब्रॉडकॉमचा मुक्त ड्रायव्हर नाही, पण त्यांच्याच चिपवरचा राउटर मात्र लिनक्सच्या जिवावर विकला जातोय. लिनक्सच्या परवान्याची अट अशी की त्यावर आधारलेली वस्तू विकलीत, तर तो स्रोत-मजकूरही द्यायला हवा. तगादा लागल्यावर लिंक्सिसनं तो दिला. वाय-फायचा ड्रायव्हर मात्र बंद पेटीतच राहिला.

स्वयंसेवकांनी ती बंद पेटी अभ्यासाला घेतली. त्यांची शिस्त मला फौजी माणूस म्हणून फार आवडली. त्यांनी दोन तुकड्या केल्या. एका तुकडीनं यंत्रभाषेतला ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचं वर्णन लिहायचं. दुसरीनं मूळ ड्रायव्हरकडे बघायचंही नाही, केवळ ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहायचा. म्हणजे नक्कल केल्याचा आरोप टिकू नये. जून २००६ मध्ये तो ड्रायव्हर लिनक्स कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत दाखल झाला. सप्टेंबर २०१० मध्ये खुद्द ब्रॉडकॉमनं आपल्या काही नव्या चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर जाहीर केला.

लढाई संपली? अर्धीच. ड्रायव्हर मिळाला, फर्मवेअर बंदच राहिलं. काही फाइली वाटायची परवानगी होती, काहींची नव्हती. त्या जुन्या ब्रॉडकॉम चिपांसाठी तर वापरणाऱ्यानंच कंपनीच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर कापून काढायचं, असा प्रकार होता. डेबियनसारखा तत्त्वनिष्ठ प्रकल्प बंद फर्मवेअर आपल्या अधिकृत प्रतीत ठेवत नसे. त्यामुळे फर्मवेअर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला फर्मवेअर हवं, असा पेच पडे. अखेर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान केलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर अधिकृत प्रतीतच येऊ लागलं. काहींना ही माघार वाटली. मला ती योग्य वाटते. नव्या माणसाला दारातच अडवून तत्त्व पुढे जात नाही.

आता इंदूरकरांच्या लॅपटॉपकडे येऊ. रेडिओ सेट मुका झाला की आधी बॅटरी, मग अँटेना, आणि शेवटी सेट उघडायचा, असा क्रम असतो. इथेही क्रम सोडू नका. टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा द्या. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे 'येस' दिसलं, तर लॅपटॉपवरचं बटण बंद आहे. मग 'एलएसपीसीआय'ला 'एनएनके' हा पर्याय जोडून चिपचं नाव बघा, आणि तिला ड्रायव्हर मिळालाय का तेही. त्यानंतर 'डीमेसेज'मध्ये फर्मवेअर हा शब्द शोधा. फाइल सापडली नसेल तर तिचं नाव बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. मोबाइल यूएसबी केबलनं जोडून त्याचं इंटरनेट घ्या, त्या फाइलचं पॅकेज बसवा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. माझ्या लॅपटॉपला एवढंच पुरलं. माझे आधीचे दोन दिवस मात्र सगळं लिनक्स पुन्हापुन्हा टाकण्यात गेले होते.

हत्यार हाती देताना फौजेत त्याची पुस्तिकाही देतात, कारण मोक्याच्या वेळी बनवणारा शेजारी नसतो. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राची पुस्तिका आपण कधी मागतच नाही. पुढचा लॅपटॉप घेताना रंग आणि किंमत बघाच, पण दुकानदाराला वाय-फाय चिप कोणती आहे तेही विचारा. तिला लिनक्सचा आधार आहे का, हे घरी दहा मिनिटांत शोधता येतं. एवढं विचारणारी माणसं वाढली, तर उरलेली अर्धी लढाईही जिंकता येईल.