अ‍ॅशवेलच्या भिंतीवरील नोंद

इंग्लंडच्या हार्टफर्डशायरमधील अ‍ॅशवेल येथील सेंट मेरी चर्चचा मनोरा १७६ फूट उंच. दगड मात्र स्थानिक, खडूसारखा मऊ. म्हणूनच मनोऱ्याच्या आतील भिंतीवर कुणा अनामिकाला लॅटिनमध्ये प्लेगच्या १३५० सालचा आकांत कोरता आला. त्याच्या मते मागे उरले ते केवळ गाळसाळ लोक! मजूर दुर्मीळ झाले, मजुरी वाढली. १३५१ मध्ये पार्लमेंटने कायद्याने ती प्लेगपूर्व पातळीवर रोखू पाहिली. अर्थशास्त्र शिकताना मला हा कायदा भेटला. ही भिंत फार उशिरा.

खाली जानेवारीतील वादळाची नोंद आहे, १३६१ सालची. आपल्या गणनेने ते १३६२. तेव्हा तेथील वर्ष २५ मार्चला बदले, जवळजवळ आमच्या आर्थिक वर्षासारखे.