मांगलीचा ब्रॅकिऑप्स

डायनोसॉरची नावं धडाधड म्हणून दाखवणाऱ्या मुलांना आणखी एक नाव जरूर शिकवावं: ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. हा डायनोसॉर नव्हे. डायनोसॉर अवतरायच्याही आधी, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीचा हा उभयचर प्राणी आपल्या विदर्भातला.

नागपूरला स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोन स्कॉटिश मिशनरी होते. धर्मप्रसार आणि शाळा सांभाळून दोघेही आसपासचे खडक धुंडाळायचे. नागपूरच्या दक्षिणेला मांगली नावाचं गाव आहे. तिथल्या लाल वालुकाश्मातून मिळालेली एक कवटी त्यांच्यामार्फत लंडनला गेली आणि 1855 मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिचं बारसं केलं. 'डायनोसॉर' हे नावही ओवेन यांचंच. एवढं सांगितलं की मुलं कान टवकारतात.

नाव पाठ करून घेण्याआधी कवटीचं चित्र दाखवावं, शेजारी मगरीच्या कवटीचं ठेवावं. डोळ्यांच्या खोबणीपासून नाकाच्या टोकापर्यंत मुलांना बोट फिरवू द्यावं. मगरीच्या चित्रावर बोट लांबवर जातं. इथे लगेच टोक येतं, कारण डोळे पार पुढे आलेले. ओवेन यांनी नेमकं हेच हेरलं. ग्रीक 'ब्रॅकिस' म्हणजे आखूड, 'ऑप्स' म्हणजे चेहरा. लॅटिन 'लॅटिसेप्स' म्हणजे रुंद डोक्याचा. बोट फिरवलेलं मूल हे नाव विसरत नाही, म्हणून अवघड वाटेल या धास्तीने नाव गाळू नये.

ओवेन यांनी मात्र या प्राण्याला सरपटणाऱ्यांत बसवलं होतं. पुढे त्याची जागा बदलून तो उभयचरांत आला, नाव तेच राहिलं. दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात त्याचे भाऊबंद सापडले. हे भूभाग तेव्हा एकमेकांना जोडलेले होते. त्या सगळ्या कुळाला आज ब्रॅकिऑपिडी म्हणतात, म्हणजे कुळाचं नाव मांगलीच्या कवटीवरून पडलं.

मग मुलं विचारतात, गावाचं नाव का नाही दिलं? तेही दिलंय. मांगलीच्या खडकांत दोन शिंपल्यांत राहणाऱ्या चिमुकल्या कवचधारी जीवांचे ठसे मिळतात. रूपर्ट जोन्स यांनी 1862 मध्ये त्यांना नाव दिलं, एस्थेरिया मांगलिएन्सिस.