ओळखीचे रक्त

मूल दत्तक घ्यायचे, असा विषय नाशिकच्या एखाद्या घरात निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘कुणाचे?’ आत्याबाई म्हणतात, “थोरल्या जावेला तिसरं झालंय, तेच मांडीवर घ्या. घरचं घरात राहील.” अण्णांचे म्हणणे, रक्त ओळखीचे असावे. एखाद्या धाकट्याने घरपुरे घाटावरच्या आधाराश्रमाचे नाव काढलेच, तर बैठक जरा गप्प होते आणि मग कुणीतरी ‘खाण तशी माती’ म्हणून विषय मिटवतो. या मताला अडाणी म्हणून झटकणे सोपे आहे, पण ते तसे अडाणी नाही. त्याच्या पाठीशी शास्त्रवचन आहे, इतिहास आहे आणि नाशिक जिल्ह्यातलाच एक भरभक्कम दाखलाही आहे.

तेव्हा आधी पूर्वपक्ष. शौनकाच्या नावे सांगितला जाणारा दत्तकविधी म्हणतो की मुलगा शक्यतो सपिंडांतून, म्हणजे जवळच्या रक्ताच्या नात्यातून, घ्यावा. तिथे न मिळाला तरच असपिंडांकडे वळावे. वसिष्ठाचाही कल जवळच्या आप्ताकडेच. आणि दाखला मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा. बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी 27 मे 1875 रोजी काशीराव गायकवाडांचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला, आणि तोच पुढे सयाजीराव महाराज झाला. शेतात वाढलेला पोर, पण गायकवाडांचा. रक्ताने आपला गुण दाखवला, असे आजही कौतुकाने सांगतात.

हा पक्ष भक्कम दिसतो खरा. पण शौनक आणि वसिष्ठ कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत होते, हे आधी पाहायला हवे. त्यांच्यापुढे निपुत्रिक पुरुष होता. पिंड कोण देणार, वतन आणि घर कुणाकडे जाणार, ही त्याची चिंता. मुलाला कोण सांभाळणार, हा प्रश्न त्या चर्चेत जवळजवळ नाहीच. जमीन भाऊबंदांतच राहावी म्हणून मुलगाही भाऊबंदांतला, ही त्या काळची व्यवहारी सोय होती. सोयीचे वचन म्हणजे अनुवंशाचा सिद्धांत नव्हे. शिवाय अशा वचनांतली सगळीच बंधनकारक नसतात. एकुलता एक मुलगा दत्तक देऊ नये हा निषेध त्याहून कडक, पण तोही धर्मोपदेश आहे, कायदा नव्हे, असे 1899 साली प्रिव्ही कौन्सिलने ठरवले.

रक्ताचे म्हणाल तर खुद्द मनुस्मृतीचा नववा अध्याय काढून बघावा. दत्तकाने जन्मदात्याचे गोत्रही घेऊ नये आणि धनही. पिंड गोत्राच्या आणि धनाच्या मागे जातो, असे तिथे स्वच्छ आहे. म्हणजे रामकुंडावर उभा राहून दत्तक मुलगा ज्याला पिंड देतो, तो त्याचा जन्मदाता नसतो आणि शास्त्राला ते मान्य आहे. त्याच अध्यायात बारा प्रकारच्या पुत्रांची यादी आहे. त्यात ‘अपविद्ध’ नावाचा पुत्र येतो: आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने उचलून वाढवलेला. मनू त्याला पहिल्या सहांत बसवतो, वारसही म्हणतो आणि बांधवही. पुढे धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी कलियुगाचे निमित्त करून औरस आणि दत्तक सोडून बाकीचे पुत्र गाळले, हे खरे. पण टाकलेले मूल घरात घेणे ही परकी, आधुनिक टूम आहे असे म्हणणाऱ्याला मनूचा आधार मिळत नाही.

आता कवळाणे. गोपाळराव पिलाजी गायकवाडांपासून फुटलेल्या दूरच्या शाखेतला. रक्ताचीच परीक्षा लावायची तर खंडेरावांचा सगळ्यात जवळचा माणूस कोण होता? त्यांचा सख्खा भाऊ मल्हारराव. तो गादीवर बसलाही होता आणि गैरकारभारापायी 1875 च्या एप्रिलमध्ये पदच्युत झाला. गादी रिकामी झाली ती त्याच्यामुळेच. गोपाळराव आला तेव्हा त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हते. इलियट नावाचा शिक्षक, दिवाण टी. माधवराव आणि सहा वर्षांची कसून तयारी यांतून 1881 च्या अखेरीस कारभार हाती घेणारा राजा घडला. जवळचे रक्त बुडाले, दूरचे शिकवून तयार केले गेले. हा दाखला मांडणाऱ्यांच्याच विरुद्ध जातो. राज्य चालवायला गायकवाड हे नाव लागते, मूल वाढवायला लागत नाही, एवढा फरक आपण विसरतो.

आणि ‘घरचं घरात’ म्हणजे शांतता, हा समज कुठून आला कोण जाणे. मुंबई इलाख्यातले जुने न्यायनिर्णय चाळले तर दत्तकाचे खटले पानोपानी सापडतात आणि त्यांतले बहुतेक पक्षकार एकमेकांचे नातलगच असतात. ताई महाराज प्रकरण सगळ्यांना ऐकून माहीत आहे. ताई महाराजांचे पती बाबा महाराज 1897 साली वारले. लोकमान्य टिळक त्यांच्या विश्वस्तांपैकी एक. 1901 साली निधोण्याच्या शाखेतला जगन्नाथ औरंगाबादेत दत्तक घेतला गेला, तर थोड्याच दिवसांत ताई महाराजांनी कोल्हापूरच्या शाखेतले बाळा महाराज पुढे केले. दोघेही घराण्यातलेच. खोट्या साक्षीचा खटला टिळकांवर झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली, 1904 साली ती उच्च न्यायालयात रद्द झाली आणि मूळ वादाचा निकाल लागायला 1915 साल उजाडले, तोही लंडनमध्ये. ओळखीच्या रक्ताने कुणाला काय दिले, ते यावरून समजावे.

याच्या उलट उदाहरणही आहे, तेही कवळाण्याच्या दाखल्याच्याच दशकातले. गोपाळराव बडोद्याला जायच्या सुमारासच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. विधवांच्या मुलांना मरण येऊ नये म्हणून या दांपत्याने 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. जोतीरावांना भाऊ होता, भाऊबंद होते. घरातले मूल मिळाले नसते असे नाही. तरी त्यांनी यशवंत निवडला. ‘ब्राह्मणाचे रक्त, म्हणून निघाला चांगला’ असे म्हणणारा आजही भेटतो. त्याला विचारावे, त्या काळच्या पुण्यात हे रक्त किती जणांना चांगले वाटत होते? 1889 साली ज्ञानोबा ससाण्यांनी त्याला आपली राधा दिली, ते धाडसाचेच मानले गेले. 1887 च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस केले. 1890 साली अंत्यविधीच्या वेळी टिटवे कुणी धरायचे यावरून भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतःच धरले. यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात मायलेकांनी रोग्यांची सेवा केली आणि सावित्रीबाई त्यातच गेल्या.

अनुवंश काहीच नसतो, असे म्हणायचे नाही. उंची, काही आजार, थोडाफार स्वभावही मूल घेऊन येते. पण पुतण्या घेतला तर घराण्यातला मधुमेहही त्याच्याबरोबर येतो आणि त्याबद्दल कुणी जावेकडे कागद मागत नाही. मान्यताप्राप्त संस्थेत मात्र मुलाचा वैद्यकीय अहवाल आणि सामाजिक माहितीचा अहवाल समोर ठेवतात. आपल्या डॉक्टरांना दाखवून घेण्याची मुभा असते. खाणीची चौकशी इथेच जास्त होते.

कायदा या बाबतीत समाजापेक्षा बराच पुढे आहे. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगी दत्तक घेण्याचा मार्ग खुला केला. 1962 च्या दुरुस्तीने, ज्याचे आईबाप कोण हेच ठाऊक नाही असे मूलही न्यायालयाच्या परवानगीने देता येऊ लागले. 2015 च्या बाल न्याय कायद्याने धर्माची अट न ठेवता सगळ्यांनाच ही वाट दिली. हिंदू दत्तक कायद्याने एकदा रीतसर झालेले दत्तविधान दत्तक आईबापांनाही रद्द करता येत नाही आणि वारसाहक्कात औरस-दत्तक भेद उरत नाही.

नात्यातले मूल घेऊच नये, असा माझा उलटा आग्रह नाही. कोविडमध्ये ज्यांचे दोन्ही आईबाप गेले, त्यांना मामा-काकांनी घेतले ते उत्तमच झाले. तिथे मुलाला घराची गरज होती. हरकत आहे ती धडधाकट आईबापांकडून रक्ताच्या खात्रीसाठी मूल मागण्याला. ज्या आईने जन्म दिला तिला त्याच वाड्यात काकू म्हणत वाढणे सोपे नसते, आणि ‘देते’ म्हणालेल्या जावेला नाही म्हणण्याची मोकळीक कितपत होती, हे कुठल्याच दत्तकपत्रात लिहिलेले नसते.

या बैठका चालू असताना बाहेर काय होते तेही सांगायला हवे. 2024-25 मध्ये केंद्रीय दत्तक यंत्रणेमार्फत एकूण 4,515 मुले दत्तक गेली, आणि वाट पाहणारी कुटुंबे 30 हजारांहून अधिक आहेत. रांगेत नंबर लागतो तो नोंदणीपासून. दोन वर्षांखालच्या मुलासाठी नोंदणीच्या दिवशी पतीपत्नींच्या वयाची बेरीज 85 पर्यंतच चालते, आणि ही बेरीज दर वर्षी दोनाने वाढते. 43 आणि 42 चे जोडपे आज त्यात बसते. आत्याबाईंचे मन वळायला वर्ष लागले तर बेरीज 87 होईल आणि मग त्यांना दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी नोंदणी करावी लागेल. तिथली मर्यादा 90 आहे.