घरीं परतलेला शिपाई

युद्धाचा इतिहास लिहिणारे बहुधा तहाच्या दिवशीं लेखणी खालीं ठेवतात. शिपाई घरीं गेला, प्रकरण संपलें! परंतु शिपायाचें स्वतःचें प्रकरण तेथूनच सुरू होतें. तें ज्यांस समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्‌ज’ हा १९४६ चा अमेरिकन बोलपट अवश्य पहावा.

महायुद्ध १९४५ सालीं संपलें, आणि पुढच्याच वर्षीं निर्माते सॅम्युएल गोल्डविन व दिग्दर्शक विल्यम वायलर यांनीं हें चित्र पडद्यावर आणलें. वायलर स्वतः हवाई दलाबरोबर चित्रण करतांना एका कानाची श्रवणशक्ति गमावून परतले होते. कथेंत एका कल्पित शहरीं तिघे सैनिक परततात. सैन्यांतील साधा सार्जंट अल येथें बँकेचा प्रतिष्ठित अधिकारी ठरतो. कॅप्टन फ्रेडच्या वांट्यास मात्र औषधांच्या दुकानांतील जुनी, हलकी नोकरी येते. युद्धानें दिलेली पायरी शांततेनें अशी काढून घेतली!

परतलेल्या सैनिकांस शिक्षण व कर्ज मिळावें म्हणून अमेरिकेनें १९४४ सालींच कायदा केला होता. पण बँकेच्या मेजावर ‘तारण काय?’ हा प्रश्न उभाच असे. अल एका सैनिकास शेतीसाठीं तारणावांचून कर्ज देतो आणि वरिष्ठांची नाराजी ओढवून घेतो.

तिसरा होमर. ही भूमिका करणारे हॅरॉल्ड रसेल धंदेवाईक नट नव्हते. १९४४ सालीं सैन्यांत शिक्षण देत असतां स्फोटांत त्यांचे दोन्ही हात गेले. हातांच्या जागीं लावलेले पोलादी आंकडे रात्रीं उतरविल्यावर आपण किती असहाय होतों, हें होमर आपल्या प्रेयसीस दाखवितो, तेव्हां दिग्दर्शक आपणांकडे अश्रूंची याचना करीत नाहीं. म्हणूनच तो प्रसंग मनांत घर करून राहतो. या एकाच भूमिकेबद्दल रसेल यांस दोन ऑस्कर मिळालीं.

चित्रास मर्यादाहि आहेत. कृष्णवर्णीय सैनिकांची कहाणी येथें नाहीं, आणि शेवट थोडा गोड केला आहे. तरीहि मोडीत काढलेल्या विमानांच्या रांगांतून एकटा हिंडणारा फ्रेड पहाच. त्या विमानांच्या पत्र्यांतून घरें बांधावयाचीं आहेत, असें त्यास कळतें. पत्र्याचा उपयोग ठरला. माणसाचा कोणीं ठरवावयाचा? प्रत्येक युद्धानंतर प्रत्येक देशास हाच प्रश्न सोडवावा लागतो.