एआय एजंटसाठी डॉक्स शोधणारं टूल: खरंच कामाचं आहे का, हे कसं तपासायचं?

माझा मावसभाऊ डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, "ताई, एआयने लिहिलेला कोड चालतच नाहीये. चार वेळा दुरुस्त करायला लावला. दर वेळी म्हणतो, आता नक्की चालेल!"

एररचा स्क्रीनशॉट बघितल्यावर कारण कळलं. एजंटने पायथॉनच्या पांडाज लायब्ररीतलं डेटाफ्रेमचं 'अपेंड' वापरलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या पांडाज २.० मधून ते काढून टाकलंय, त्याऐवजी 'कॉन्कॅट' वापरायचं असतं. एजंटला मात्र जुनंच पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "मग डॉक्स शोधून देणारं एखादं टूल जोडू का? कोणतं चांगलं?" उत्तर द्यायला मी स्वतः टूल्स तपासायला बसले. ती पद्धत आज सांगते.

हे टूल नेमकं करतं काय?

एआय मॉडेलचं ज्ञान एका तारखेपर्यंतचं असतं. लायब्ररी त्यानंतरही बदलत राहते. शिवाय इंटरनेटवर जुन्या पद्धतीची उदाहरणं ढिगाने असतात, म्हणून मॉडेलच्या तोंडी तीच आधी येतात. लुकअप टूल लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमधून प्रश्नाशी जुळणारे उतारे शोधतं आणि मॉडेलसमोर ठेवतं. म्हणजे 'ओपन बुक' परीक्षाच म्हणा ना!

साधारण तीन मार्ग दिसतात:

- साधा वेब सर्च: एजंट नेटवर शोधतो. अधिकृत पान मिळेल किंवा कुणाचा तरी सहा वर्षं जुना लेखही.
- एलएलएम्स डॉट टीएक्सटी: वेबसाइटने एआयसाठी ठेवलेली साधी अनुक्रमणिका. जेरेमी हॉवर्ड यांनी २०२४ मध्ये ही कल्पना मांडली.
- एमसीपी सर्व्हर: एमसीपी म्हणजे एजंटला बाहेरची टूल्स जोडायची ठरलेली पद्धत. अँथ्रोपिकने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली. अपस्टॅश कंपनीचं 'कॉन्टेक्स्ट सेव्हन' या प्रकारातलं. ते आधी लायब्ररी ओळखतं, मग तिचे डॉक्स देतं.

पायरी १: आधी प्रश्नपत्रिका काढा

टूल बघून प्रश्न काढू नका, नाहीतर त्याला जमणारेच प्रश्न सुचतील. तुमच्या प्रोजेक्टमधले वीसेक प्रश्न पुरतात. अधिकृत डॉक्स वाचून उत्तरं स्वतः लिहून ठेवा. प्रश्न चार प्रकारचे हवेत:

- नुकत्याच बदललेल्या गोष्टींवरचे
- ठरावीक जुन्या व्हर्जनवरचे
- अगदी साधे, नेहमीचे
- फसवे, म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या फंक्शनवरचे

दुसरा प्रकार बरेच जण विसरतात. 'लेटेस्ट' म्हणजे नेहमी बरोबर, असं नसतं. पायडँटिकच्या दुसऱ्या व्हर्जनमध्ये, म्हणजे जून २०२३ नंतर, 'डिक्ट'च्या जागी 'मॉडेल डम्प' आलं. पण तुमचा प्रोजेक्ट पहिल्या व्हर्जनवर असेल, तर 'मॉडेल डम्प' तिथे चालणारच नाही. टूलने तुमचं व्हर्जन ओळखून उत्तर द्यायला हवं.

पायरी २: टूलशिवाय एकदा चालवा

सगळे प्रश्न आधी टूल बंद ठेवून विचारा. जे प्रश्न मॉडेलला असेही येतात, त्यांचं श्रेय टूलला देण्यात अर्थ नाही. मग टूल चालू करून तेच प्रश्न, प्रत्येक वेळी नवीन चॅटमध्ये. एआयचं उत्तर दर वेळी थोडं बदलतं, म्हणून प्रत्येक प्रश्न निदान तीनदा विचारा.

पायरी ३: दोन वेगळे गुण द्या

माझी सुरुवातीला इथेच चूक झाली. मी फक्त शेवटचा कोड बघत होते. खरं तर दोन गोष्टी वेगळ्या तपासायच्या: बरोबर उतारा आला का आणि कोड चालला का?

- उतारा बरोबर, कोड चुकला: टूलने काम केलं, मॉडेलने नीट वाचलं नाही.
- उतारा चुकीचा, कोड बरोबर: मॉडेलने आठवणीतून लिहिलं. टूलला फुकटचे गुण देऊ नका.
- दोन्ही चूक: शोधच फसला.
- दोन्ही बरोबर: आता टूलच्या नावावर गुण लिहा, पण टूलशिवाय तो प्रश्न चुकला असेल तरच.

कोड बरोबर आहे का, हे दुसऱ्या एआयला विचारून ठरवू नका. कोड प्रत्यक्ष चालवा आणि आउटपुट तुमच्या उत्तराशी ताडून बघा.

आणखी एक, एजंटने टूल वापरलं तरी का? लॉग उघडून बघा. कित्येकदा एजंटला वाटतं, 'हे तर मला येतं,' आणि तो पुस्तक उघडतच नाही. टूल कितीही चांगलं असलं, तरी मग उपयोग शून्य.

पायरी ४: खर्च आणि वेळ

एका छोट्या प्रश्नासाठी टूलने पानंच्या पानं ओतली, तर टोकन संपतात, बिल वाढतं आणि कामाची ओळ त्या गर्दीत हरवते. प्रत्येक प्रश्नाला किती टोकन आणि किती सेकंद लागले, हे लिहून ठेवा. आपण मराठी-इंग्रजी मिसळून विचारतो, डॉक्स मात्र बहुतेक इंग्रजीत असतात. म्हणून दोन-तीन प्रश्न दोन्ही भाषांत विचारून उतारा तोच येतो का, ते बघा.

पायरी ५: प्रामाणिकपणा आणि सुरक्षा

फसव्या प्रश्नाला "असं काही सापडलं नाही" म्हणणारं टूल माझ्या मते सगळ्यात भरवशाचं. जवळपासचं काहीतरी आणून दिलं, की मॉडेल त्यावरून नवीनच फंक्शन रचतं. कधी न ऐकलेलं पॅकेज सुचवलं, तर इन्स्टॉल करण्याआधी ते खरं आहे का आणि कुणाचं आहे, हे तपासा. एआयने कल्पनेतून रचलेल्या नावाचं घातक पॅकेज कुणीतरी टाकून ठेवलेलं असू शकतं.

बाहेरून आलेल्या उताऱ्यात एजंटसाठी छुप्या सूचनाही लपवता येतात. म्हणून एजंटला न विचारता कमांड चालवायची परवानगी देऊ नका. आणि तुमचा प्रश्न त्या टूलच्या सर्व्हरवर जातो, तेव्हा त्यात पासवर्ड किंवा एपीआय की नको.

मग भावाला काय सांगितलं?

त्याच्या प्रोजेक्टमध्ये मोजून दोन लायब्ररी होत्या. एवढ्यासाठी टूल जोडायची गरजच नव्हती. व्हर्जन नंबर आणि अधिकृत पानातला मजकूर चॅटमध्ये पेस्ट केला, काम झालं. लायब्ररी जास्त असतील आणि त्या सतत बदलत असतील, तर टूल जरूर जोडा. पण आधी स्वतःचे वीस प्रश्न काढा. एक संध्याकाळ जाईल, पण सबमिशनची रात्र वाचेल!