हिरड्यांचा रोग, स्थूलता आणि मधुमेह : एका कल्पनेचा उदय, अस्त व पुनरुज्जीवन

हिरड्यांचा विकार मुखापुरताच मर्यादित असतो, की सर्व शरीराच्या चयापचयाशी त्याचा काही संबंध असतो, हा प्रश्न विसाव्या शतकात दोनदा उपस्थित झाला. पहिल्या वेळी उत्तर आधी ठरले आणि पुरावा मागाहून शोधण्यात आला. दुसऱ्या वेळी हा क्रम उलटा झाला. या दोन प्रसंगांतील भेद वैद्यकाच्या इतिहासाच्या अभ्यासकास उद्बोधक वाटेल.

लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी १९०० मध्ये मुखातील पूयदोष हे अनेक रोगांचे मूळ असल्याचे प्रतिपादन केले. १९१० मध्ये माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठातील भाषणात हीच भूमिका त्यांनी अधिक कठोर शब्दांत मांडली. पुढे शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांनी तिला संसर्गकेंद्राच्या सिद्धांताचे रूप दिले. सिद्धांत लोकप्रिय झाला आणि सांधेदुखीपासून मनोविकारापर्यंत नाना रोगांवर उपाय म्हणून असंख्य दात उपटण्यात आले. त्यांत निरोगी दातही होते. ज्यांचे दात काढले नाहीत अशा रुग्णांशी तुलना मात्र क्वचितच केली गेली. १९३८ मध्ये सेसिल व अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा दात काढल्याने लाभ झाल्याचे आढळले नाही. सेसिल हे स्वतः पूर्वी या मताचे पुरस्कर्ते होते. सिद्धांत मागे पडला. परंतु त्याबरोबर त्यातील विचारार्ह प्रश्नही अडगळीत गेला.

तो पुन्हा वर आला ॲरिझोनातील गिला नदीकाठच्या पिमा लोकांच्या अभ्यासातून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाच्या वसाहतवाल्यांनी नदीचे पाणी वळविल्याने या कृषिप्रधान समाजाची शेती उद्ध्वस्त झाली. पुढे त्यांच्यात स्थूलता व मधुमेह यांचे प्रमाण अत्यंत वाढले. १९६५ पासून तेथे दीर्घकालीन पाहणी चालू झाली. मधुमेही पिमांमध्ये हिरड्यांचा रोग सुमारे तिप्पट संभवतो, असे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९६ मध्ये संबंधाची दुसरी बाजूही दिसली : ज्यांचा हिरड्यांचा रोग तीव्र होता, त्यांच्यात पुढील काळात रक्तशर्करेचे नियंत्रण बिघडण्याचा धोका अधिक होता. हे ज्ञान ज्या समाजाच्या दुर्दैवातून उपजले, त्याचे स्मरण इतिहासकाराने ठेवणे उचित होय.

मेदाचे स्थान अद्याप ठरावयाचे होते. मेद हा केवळ साठा नसून दाहजनक द्रव्येही स्रवतो, आणि त्यांपैकी एक द्रव्य इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते, हे हॉटामिस्लिगिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांत दाखविले. १९९८ मध्ये जपानातील २४१ व्यक्तींच्या पाहणीत स्थूलता व हिरड्यांचा रोग यांचा संबंध आढळला. हिरड्यांतील जुनाट दाह आणि मेदातील दाह एकमेकांस पोसतात, असे अनुमान यातून बळावले. हंटर यांच्या विवेचनात नेमका हाच दुवा नव्हता.

तथापि सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. २०१३ मध्ये अमेरिकेतील ५१४ मधुमेहींच्या चाचणीत हिरड्यांच्या उपचाराने शर्करानियंत्रण सुधारले नाही. उपचार अपुरा होता, आणि सहभागी व्यक्ती सरासरीने स्थूल असल्याने त्यांच्या मेदातील दाहाने परिणाम झाकला गेला असावा, असे आक्षेप घेण्यात आले. २०१८ मध्ये लंडनमधील २६४ रुग्णांच्या चाचणीत सखोल उपचारानंतर बारा महिन्यांनी एचबीए१सी तुलनागटापेक्षा ०.६ टक्क्यांनी कमी आढळले. २०२२ मध्ये ३५ चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात तीन-चार महिन्यांनंतरची घट ०.४३ टक्के भरली.

लाभ माफक, पण मोजलेला आहे. हंटर यांची शंका सर्वस्वी निराधार नव्हती. निराधार होती ती त्यांच्या अनुयायांची खात्री. त्या खात्रीची किंमत रुग्णांनी आपल्या दातांनी चुकविली.